राऊटरला बॅटरी लावली, पण गल्लीतील पेटीचे काय?

दुकान वाढवले की पूर्वी धंद्याचा दिवस संपत असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि रात्रीचा हिशेब घरच्या इंटरनेटवर गेला. दरमहा ३-बी रिटर्न भरणाऱ्यांची मुदत पुढील महिन्याची २० तारीख. ती चुकली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. शहागंज असो की सिटी चौक, वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडली आणि वीज चार तास गेली, ही सबब तेथे चालत नाही.

अनेक बांधव यासाठी मोठा इन्व्हर्टर घ्यायला निघतात. राऊटर जेमतेम १०-१२ वॅट वीज खातो. त्याला १२ व्होल्टची छोटी यूपीएस पुरते. राऊटरच्या अडॅप्टरवरील व्होल्ट तंतोतंत जुळवावेत. अँपिअर त्यापेक्षा कमी नसावेत.

खरेदी करताना आकड्यांना भुलू नये. डब्यावर १२,००० एमएएच लिहिलेले असते, पण ते माप बहुधा आतील ३.७ व्होल्टच्या सेलचे असते. म्हणजे साठा सुमारे ४४ वॅट-तास, राऊटर चालेल साडेतीन-चार तास. माल गजाने मोजायचा आणि भाव मीटरचा लावायचा, तसाच हा प्रकार. म्हणून वॅट-तास विचारावेत.

मात्र एवढ्याने काम भागत नाही. फायबरच्या काचेच्या तारेला वीज लागत नाही, पण अनेक केबलवाल्यांची पेटी गल्लीतील एखाद्या घराच्या विजेवर चालते. तेथे बॅटरी नसेल तर तुमचा राऊटर नुसता दिवे लावून बसेल. शेवटी सारा मोहल्ला मोबाईलच्या नेटवर तुटून पडतो आणि तेही रखडते.

यावर एकट्याने पैसा खर्च करणे हा उपाय नव्हे. वर्षाचे पैसे भरण्यापूर्वी गल्लीतील दहा ग्राहकांनी मिळून केबलवाल्याला विचारावे: पेटीला बॅटरी आहे का, किती तास चालते, शेवटची कधी बदलली? उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरा केबलवाला पाहावा. आपण ठाण विकताना गिऱ्हाईक कापड हाताने चोळून पाहते. इंटरनेट घेताना आपणही तेवढी पारख करावी. आणि रिटर्न २० तारखेच्या रात्रीपर्यंत न ठेवता १८ लाच भरावे. त्याला कोणतीच बॅटरी लागत नाही.