पासापुरते गुण वॉर्डात पुरत नाहीत

तापाने फणफणलेले आठ किलो वजनाचे मूल वॉर्डात आहे. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले आहे: पॅरासिटामॉल १२० मिलीग्रॅम, दर सहा तासांनी. या एकाच औषधाच्या तीन प्रकारच्या बाटल्या बाजारात मिळतात आणि तिन्ही एकाच ट्रॉलीत असू शकतात. एकीत पाच मिलीलिटरमध्ये १२० मिलीग्रॅम औषध असते, दुसरीत तेवढ्याच द्रवात २५०. तिसरी थेंबांची छोटी बाटली असते आणि तिच्यात एका मिलीलिटरमध्येच १०० मिलीग्रॅम असतात. पहिलीतून ५ मिलीलिटर द्यायचे, दुसरीतून २.४ आणि तिसरीतून १.२. गणित शाळेतले, त्रैराशिकाचे. पण थेंबांच्या बाटलीतून ५ मिलीलिटर दिले गेले तर मुलाच्या पोटात चौपटीहून जास्त औषध जाते, आणि तोच डोस दर सहा तासांनी चालू राहिला तर यकृताला इजा होऊ शकते.

इन्सुलिनचेही तसेच आहे. आपल्याकडे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले, असे दोन्ही प्रकारचे इन्सुलिन वापरात आहे. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये भरले, तर रुग्णाला अडीचपट मात्रा मिळते. रात्रपाळीत ही सिरिंज ज्या हातात असते तो हात बहुतेक वेळा परिचारिकेचा असतो. डॉक्टर लिहून पुढच्या वॉर्डात गेलेले असतात. चूक थांबवण्याची शेवटची जागा म्हणजे सिस्टर किंवा ब्रदर.

म्हणून नर्सिंग महाविद्यालयात कोणाला पास करायचे, किती गुणांवर करायचे आणि कोणती हजेरी खरी मानायची, हे प्रश्न प्राचार्यांच्या कार्यालयापुरते उरत नाहीत. ते प्रत्येक रुग्णाच्या खाटेपर्यंत येतात.

नियम कागदावर काय सांगतात

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यभरातली नर्सिंग महाविद्यालये संलग्न आहेत. अभ्यासक्रमाची चौकट मात्र भारतीय परिचर्या परिषद, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिल, ठरवते. परिषदेची सुधारित नियमावली २०२१ मध्ये राजपत्रात आली आणि चार वर्षांचा हा अभ्यासक्रम आठ सत्रांचा झाला. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी हवी. पदवी हातात पडण्यापूर्वी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागातली हजेरी १०० टक्के भरून काढावी लागते. उत्तीर्ण होण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात.

नियमावली वाचली तर ती वाईट नाही. शंभर टक्के प्रात्यक्षिक हजेरीची अट तर फार शहाणपणाची आहे. नर्सिंग हे हाताने, डोळ्यांनी आणि कानांनी शिकायचे शास्त्र आहे, हे तिने मान्य केले आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, पन्नास टक्क्यांच्या सरासरीत जीवघेणे अज्ञान लपून राहू शकते. दोन, कागदावरची हजेरी आणि वॉर्डातली हजेरी नेहमी एकच असते असे नाही.

सरासरीत लपलेला धोका

इतिहासाच्या विद्यार्थ्याला निम्मे प्रश्न आले नाहीत, तर नुकसान त्याचे स्वतःचे होते. नर्सिंगमध्ये मात्र काही गोष्टी अशा आहेत की त्यांत निम्मे येणे म्हणजे न येणेच. एखाद्या विद्यार्थिनीने शरीररचनेवर सुंदर उत्तर लिहिले, आकृत्या काढल्या, आणि औषधाच्या मात्रेचा प्रश्न चुकवला, तरी ती आरामात पास होते. गुणपत्रिकेवर त्या चुकीची खूणही राहत नाही. पुढे रुग्णाला मात्र नेमके तेच गणित भेटते.

बाळंतपणाच्या वॉर्डातले उदाहरण घ्या. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले की मॅग्नेशियम सल्फेट देतात. हे औषध आईचा जीव वाचवते आणि मात्रा जास्त झाली तर श्वासही थांबवू शकते. म्हणून पुढचा डोस देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायच्या असतात: गुडघ्यावर हलकेच ठोकल्यावर पाय उडतो का, श्वासाचा वेग ठीक आहे का, लघवी पुरेशी होते आहे का. या तिन्हींपैकी दीड गोष्ट येणारी परिचारिका असू शकत नाही.

अमेरिकेतल्या अनेक नर्सिंग महाविद्यालयांनी यावर साधा उपाय केला आहे. औषधाच्या मात्रेच्या गणिताची तिथे वेगळी परीक्षा असते. तिच्यात उत्तीर्ण होण्याची पातळी कुठे ९० टक्के, तर कुठे पूर्ण १०० टक्के असते. ती पार केल्याशिवाय विद्यार्थ्याला रुग्णाला औषध देऊ देत नाहीत. नापास झाला तर शिकवणी मिळते, पुन्हा संधी मिळते, पण सूट मिळत नाही. एवढे करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दहा गणिते, एक कागद आणि एक प्रामाणिक शिक्षक पुरतो.

आपल्याकडेही अशा पाच-सहा कौशल्यांची यादी सहज करता येईल: औषधाची मात्रा काढणे, इंजेक्शन किंवा रक्त देण्यापूर्वी रुग्णाची ओळख दोनदा पटवणे, हात धुण्याची योग्य पद्धत, जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्याच मिनिटात श्वास देणे, रक्तस्राव होणारी बाळंतीण ओळखणे, आणि प्रकृती ढासळते आहे हे वेळीच डॉक्टरांना सांगणे. यांना गुण देऊच नयेत. येते किंवा येत नाही, एवढीच नोंद करावी. बाकीच्या विषयांना पन्नास टक्के चालतील.

हजेरी कोणाची, कुठली

दुसरा प्रश्न हजेरीचा. बनावट हजेरी कुठवर जाऊ शकते, हे शेजारच्या मध्य प्रदेशाने दाखवून दिले. तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. सुरुवातीच्या तपासणीतच ६६ महाविद्यालये अपात्र ठरली. पुढे मे २०२४ मध्ये तपासणी पथकातल्या काही अधिकाऱ्यांनाच लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली, आणि जी महाविद्यालये योग्य ठरली होती त्यांची पुन्हा तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. या सगळ्यात प्रामाणिकपणे शिकणाऱ्या हजारो मुला-मुलींच्या परीक्षा रखडल्या. मानक ढिले ठेवल्याची किंमत आधी विद्यार्थी मोजतात आणि मग रुग्ण.

महाराष्ट्राने याकडे लांबची बातमी म्हणून पाहू नये. प्रात्यक्षिकासाठी परिषदेने एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण सांगितले आहे. एका रुग्णालयाशी अनेक संस्था जोडल्या गेल्या की हे प्रमाण उलटे होते. एका खाटेभोवती सहा विद्यार्थी उभे राहतात. एक जण रक्तदाब मोजतो, पाच जण आकडा वहीत उतरवतात, आणि प्रात्यक्षिक नोंदवहीत सहा जणांच्या नावापुढे सही होते. ही वही म्हणजे विद्यार्थ्याच्या हाताचा इतिहास असतो. ती शेवटच्या महिन्यात एका बैठकीत भरली जात असेल, तर शंभर टक्के हजेरीच्या नियमाला अर्थ उरत नाही.

परभणीसाठी हा मुद्दा जवळचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक आहे. नऊ तालुक्यांतला गंभीर रुग्ण आधी परभणीला येतो आणि तिथून गरज पडली तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठतो. जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या बाजूने मध्यरात्री निघालेल्या बाळंतिणीला वाटेत अनेकदा पहिला आधार मिळतो तो परिचारिकेचाच. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे, म्हणजे त्याच खाटांवर एमबीबीएसचे विद्यार्थीही शिकणार. अशा वेळी कोणत्या संस्थेचे किती विद्यार्थी, कोणत्या वॉर्डात, कोणत्या पाळीत असतील, याचे वेळापत्रक रुग्णालयाने स्वतः ठरवून दर्शनी भागात लावले पाहिजे. आणि नोंदवहीतली सही महाविद्यालयात बसलेल्या व्यक्तीची नको. जिच्या डोळ्यांसमोर काम झाले, त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची हवी.

कडकपणा एकतर्फी नको

विद्यार्थ्यांकडून दर्जा मागताना त्यांना काय दिले जाते, हेही पाहावे लागेल. मराठवाड्यात नर्सिंगला येणारी अनेक मुले-मुली मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेली असतात. घरात शिकलेली ही पहिली पिढी असते. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या एका पिकावर घर चालते आणि फी कर्ज काढून भरलेली असते. पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीतून. ज्या मुलीला आजीच्या छातीत दुखण्याचे वर्णन मराठीत अचूक करता येते, तिला तेच इंग्रजीत लिहिता येत नाही म्हणून ती मठ्ठ ठरत नाही. पहिल्या वर्षीच्या सुरुवातीला इंग्रजीची आणि गणिताची उजळणी घेतली, वर्गात मराठीतून समजावले आणि कौशल्याची परीक्षा करून दाखवण्यावर घेतली, तर दर्जा न घटवता हीच मुले वर येतात.

अंतर्गत गुणांचाही विचार हवा. अनेक विषयांत लेखी परीक्षेतले १०० पैकी २५ आणि प्रात्यक्षिकातले निम्मे गुण महाविद्यालयाच्या हातात असतात. हे गुण कशासाठी मिळाले, कशासाठी कापले, हे विद्यार्थ्याला लेखी कळले पाहिजे आणि दाद मागण्याची जागा असली पाहिजे. नाहीतर ते गुण शिकवण्याचे साधन न राहता धाक दाखवण्याचे हत्यार होतात. धाकात वाढलेली परिचारिका स्वतःची चूक लपवायला शिकते. रुग्णाच्या दृष्टीने ही सर्वांत धोकादायक सवय. चुकीचा डोस गेला हे पाच मिनिटांत सांगितले, तर बहुतेक वेळा सावरता येते. पाच तासांनी कळले, तर नाही.

तिसरी गोष्ट, विद्यार्थी म्हणजे फुकटचे मनुष्यबळ नव्हे. परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी वॉर्डातली गर्दी पाहिलेल्या कोणालाही हे प्रमाण कुठे आहे ते सांगायची गरज नाही. ती तूट विद्यार्थ्यांच्या खांद्यावर टाकली की शिक्षण मागे पडते आणि हमालीच उरते. वॉर्डात पाठवण्यापूर्वी हिपॅटायटिस-बी ची लस पूर्ण झालेली असणे आणि सुई टोचली तर काय करायचे हे माहीत असणे, एवढे तरी प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क म्हणून मिळाले पाहिजे.

मग परिचारिका कमी पडतील का?

यावर नेहमी येणारा आक्षेप असा, की आधीच परिचारिका कमी आहेत, निकष कडक केले तर आणखी कमी होतील. आक्षेप गैरलागू नाही. संख्या हवीच. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून देशात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, ती यासाठीच. पण संख्या आणि शिक्षण हे दोन वेगळे पर्याय आहेत असे समजणे चूक ठरेल. युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा आणि शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, तर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले, तर ती ७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. देश वेगळे, रुग्णालये वेगळी, तरी बोध सरळ आहे: परिचारिका पुरेशा हव्यात आणि नीट शिकलेल्याही हव्यात.

१९४७ चा परिचर्या परिषद कायदा बदलण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा मंजूर केला. त्यात समान प्रवेश परीक्षेची तरतूद आहे. प्रवेशाच्या दारावर चाळणी लावणे ठीकच. पण रुग्णाचा संबंध महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीशी येतो. म्हणून खरी कसोटी बाहेर पडण्याच्या दारावर आणि खाटेजवळ हवी. त्यासाठी नव्या आयोगाची वाट पाहण्याचेही कारण नाही. आवश्यक कौशल्यांची वेगळी परीक्षा, वॉर्डातल्या सिस्टरची सही आणि अंतर्गत गुणांचा खुला हिशेब, या तीन गोष्टी कोणतेही महाविद्यालय येत्या सत्रापासून सुरू करू शकते.

पालकांनीही प्रवेशापूर्वी इमारत आणि बस पाहून न थांबता चार प्रश्न विचारावेत. परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता या वर्षाची आहे का? मुले कोणत्या रुग्णालयात शिकतात? तिथे खरोखर किती रुग्ण असतात? आणि वॉर्डात सोबत शिक्षक जातो का? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर फी भरण्याआधी घरी येऊन पुन्हा विचार करावा.

शेवटी हिशेब त्या तीन बाटल्यांपाशीच येतो. मुलाची आई रात्री दोन वाजता सिस्टरच्या हातातल्या चमच्याकडे पाहत असते. सिस्टरला परीक्षेत किती टक्के पडले, हे ती कधीच विचारणार नाही. तिच्या वतीने तो प्रश्न आधीच कोणीतरी विचारून ठेवलेला असला पाहिजे.