कायदा झाला का? आधी विचारा, कोणता कागद



2006 साली राब भाजून झाले होते, पेरण्या लागल्या होत्या. अशा दिवसांत बैठकीला वेळ काढणं कठीण, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी त्या महिनाभरात ज्या पाड्यावर गेलो तिथं एकच सवाल आला: 'दिल्लीचा जंगल जमिनीचा कायदा झाला का?'

तेव्हा झाला नव्हता. 2006 च्या मध्यापर्यंत ते विधेयकच होतं. राबात रोप हिरवं दिसलं म्हणून आपण कणगी सारवायला घेत नाही. आवणी व्हायची असते, पाऊस टिकायचा असतो. तसंच ते होतं.

अनुसूचित जमातींच्या वनहक्कांचं हे विधेयक 13 डिसेंबर 2005 रोजी लोकसभेत मांडलं गेलं. मग ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. तेव्हाचे खासदार किशोरचंद्र देव तिचे अध्यक्ष होते. समितीनं 23 मे 2006 ला अहवाल दिला. मग समितीचं किती मानायचं ते सरकार ठरवणार होतं. त्यानंतर लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपतींची सही, आणि शेवटी नियम. नियम निघाल्याशिवाय कुणाला दाव्याचा अर्जसुद्धा भरता येणार नव्हता.

म्हणजे 2006 साली दिल्लीत दोन कागद होते. एक सरकारनं मांडलेला, दुसरा समितीनं सुधारलेला. पुढारी गावात येऊन 'कायदा आणतोय' म्हणाला, तर त्याला विचारायचं होतं, यातला कोणता?

पहिला फरक तारखेचा. सरकारचा कागद म्हणत होता, 25 ऑक्टोबर 1980 च्या आधीपासून जमीन कसत असाल तरच हक्क. त्या दिवशी वनसंवर्धन कायदा लागू झाला, म्हणून ती तारीख. आमच्यातले कितीतरी कार्यकर्ते तेव्हा जन्मलेही नव्हते. पंचवीस वर्षांपूर्वीचा पुरावा कुडाच्या घरात कुठून राहणार? समिती म्हणाली, 13 डिसेंबर 2005 ही तारीख धरा. दुसरा फरक क्षेत्राचा. सरकारच्या कागदात एका कुटुंबाला अडीच हेक्टरची मर्यादा होती. समिती म्हणाली, जेवढी प्रत्यक्ष कसतात तेवढी द्या. तिसरा फरक माणसांचा. आदिवासी नसलेले, पण तीन पिढ्या जंगलावर जगलेले शेजारी समितीनं धरले होते. आम्ही याच्या बाजूचे आहोत. त्यांना सोडून गावाची एकी राहणार नाही. चौथी गोष्ट ग्रामसभेची. समितीनं तिचा अधिकार वाढवायला सांगितलं होतं. तो गेला तर दावा पुन्हा साहेबाच्या टेबलावर.

तारखेचा खेळ आपण भोगलाय. 3 मे 2002 ला पर्यावरण मंत्रालयाचं पत्र निघालं की 30 सप्टेंबरपर्यंत जंगलातली अतिक्रमणं हटवा. ते पत्र आपल्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. उभ्या पिकात माणसं आली तेव्हा कळलं. 2006 च्या खेपेला कागद आधी वाचायचा होता.

कारखानदार आणि खाणवाले तर आधीच वाचतात. 1980 च्या कायद्यात खाणीला, धरणाला जंगल द्यायला 2006 साली दिल्लीची परवानगी पुरत होती. ग्रामसभेला तेव्हा विचारावं लागत नव्हतं. 1927 चा कायदा 2017 पर्यंत बांबूला झाड म्हणत होता. म्हणून कागद कारखान्याला ठेक्यानं बांबू मिळत होता आणि सूप विणणाऱ्याला दंडाची पावती. त्या विधेयकात बांबू आणि तेंदूपान गौण वनोपज होतं, त्यावर आपली मालकी म्हटली होती. असा हक्क एकदा नोंदला गेला की ते जंगल 'रिकामं' म्हणून दाखवणं अवघड होणार होतं. विरोध कुठून येत होता, ते यावरून समजून घ्या.

तेव्हा दोन गोष्टी आपल्याच लोकांना सांगायच्या होत्या. कडू लागल्या तरी ऐका.

पहिली. पट्ट्याच्या फॉर्मचे म्हणून 2006 साली काही गावांत पैसे गोळा होत होते. असा फॉर्म तेव्हा जगात नव्हता. कुणाला एक रुपया देऊ नका. दिला असेल तर चारचौघांत परत मागा.

दुसरी. 'पट्टे मिळणार आहेत, आताच थोडं जंगल तोडून घेऊ' असं काहीजण तेव्हा म्हणत होते. दोन्ही कागदांतली तारीख मागे गेली आहे. आज तोडलेलं एक झाडही कुठल्याच कागदात बसत नाही. उलट त्याचा फोटो काढून आदिवासी जंगल खातात म्हणणारे टपून बसलेत. ती कुऱ्हाड शेजाऱ्याच्या खऱ्या दाव्यावर पडेल.

मग करायचं काय? दंडाच्या जुन्या पावत्या, गुन्ह्याचे कागद, नोटिसा शोधा. आजपर्यंत लाजेनं लपवलेली पावती हाच उद्या पुरावा असेल, कारण त्या साली तुम्ही तिथं कसत होता हे फॉरेस्टनंच लिहून दिलंय. पावसात भिजू देऊ नका. बांध कुणी घातला, मोहाचं झाड कुणाचं, ते म्हाताऱ्या माणसांकडून वहीत लिहून घ्या, अंगठा घ्या. शाळेत जाणाऱ्या पोरापोरींना या कामाला लावा. आणि 2006 च्या पावसाळी अधिवेशनाआधी प्रत्येक पाड्यानं ठराव करून आपल्या खासदाराला पाठवायचा होता. त्यात एकच वाक्य पुरे होतं: समितीनं सुधारलेला कागद जसाच्या तसा मंजूर करा, तुमचं मत काय ते लेखी कळवा.

उत्तर आलं तर इथं छापायचं होतं. नाही आलं तर तेही छापायचं होतं.

जिंदाबाद!