विम्बल्डन उचलून नेता येत नाही

विम्बल्डन म्हटलं की मराठी वाचकाला टेनिस आठवतं. दक्षिण लंडनच्या याच उपनगरात १८८९ साली एक फुटबॉल क्लबही सुरू झाला. त्याच्याबद्दल एक मत आजही ठामपणे मांडलं जातं: जुना क्लब कायदेशीर मार्गाने मिल्टन कीन्सला गेला, आज ‘एएफसी विम्बल्डन’ नावाने खेळतो तो २००२ साली चाहत्यांनी काढलेला वेगळा क्लब, आणि जुन्याचा इतिहास त्याने आपला म्हणू नये. या मताच्या बुडाशी एक गृहीत आहे. क्लब म्हणजे मालकाची कंपनी. तोटा झाला की त्याने ती गिऱ्हाईक असेल तिथे न्यावी. मला हे मतही मान्य नाही आणि त्याखालचं गृहीत तर मुळीच नाही.

आधी प्रतिपक्षाची बाजू पुरती ऐकू. हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीनंतर चौकशीचा टेलर अहवाल आला आणि वरच्या विभागांतल्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांना बसायची आसनं देणं बंधनकारक झालं. विम्बल्डनच्या जुन्या प्लाउ लेन मैदानावर ते जमणारं नव्हतं. १९९१ साली क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला आणि गर्दी आटली. जानेवारी १९९३मध्ये एव्हर्टनविरुद्धच्या सामन्याला ३,०३९ माणसं आली. कोविडकाळातले निर्बंध सोडले तर प्रीमियर लीगमधला हा नीचांक. पुढे नॉर्वेजियन मालकांना तोटा सोसवेना, २००० साली क्लब खालच्या विभागात घसरला, आणि २००१ साली सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जाण्याची घोषणा झाली. विम्बल्डनला फुटबॉल नकोच आहे, हा आकडाच पाहा, असा तो युक्तिवाद.

आकडाच पाहू. २८ मे २००२ रोजी फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या त्रिसदस्य आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी स्थलांतराला परवानगी दिली. राखेतून नवा विम्बल्डन उभा करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, अशा आशयाचं विधानही आयोगाच्या अहवालात होतं. चाहत्यांनी नेमकं तेच केलं. जून संपायच्या आत विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर खेळाडूंची खुली निवड चाचणी झाली. १० जुलैला सटनमध्ये पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. संघ ४-० असा हरला, पण पाहायला साडेचार हजारांहून अधिक लोक होते. मग किंग्स्टनमधल्या छोट्या किंग्समेडो मैदानावर, इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीवर, या संघाने घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांच्या घरात प्रेक्षक जमवले. म्हणजे नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांना पाहायला साधारण तेवढीच माणसं आली, जेवढी प्रीमियर लीगच्या त्या कुप्रसिद्ध सामन्याला आली होती! सात पायऱ्या वर खेळणाऱ्या जुन्या क्लबची त्या हंगामातली सरासरी याहून कमी होती. माणसं होतीच. त्यांचं घर हिरावलं गेलं होतं आणि त्यांचाच विश्वासघात झाला होता.

धंद्याचा युक्तिवाद धंद्याच्या कसोटीवरही टिकला नाही. परवानगी मिळून वर्षभरच झालं होतं, तेवढ्यात, जून २००३मध्ये, जुन्या क्लबची कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली आणि कारभार प्रशासकांच्या हाती आला. २००४ साली संघ तळाशी राहून घसरला आणि त्याच वर्षी नाव बदलून ‘एमके डॉन्स’ झाला.

तोटा सोसत राहावं असं मालकाला कोणी म्हणू शकत नाही. तो क्लब विकू शकतो, बंदही करू शकतो. लीगमधली जागा मात्र त्याच्या मालकीची नसते. ती मैदानावर मिळते आणि मैदानावरच जाते. १९७७ साली फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार विभागांत, निवडून आलेला विम्बल्डन नऊ वर्षांत चौथ्या विभागातून पहिल्या विभागात चढला. १९८८च्या एफए कप अंतिम सामन्यात लॉरी सांचेझच्या हेडरने लिव्हरपूलला हरवलं, डेव्ह बेझंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. ही कमाई मालवाहू गाडीत भरून दुसऱ्या शहरात उतरवता येत नाही. मिल्टन कीन्सला फुटबॉल हवा होता यात वाईट काहीच नव्हतं. तळापासून सुरुवात करायची वाट त्यांनाही मोकळी होती.

इतिहासाच्या वादात तर समोरच्या पक्षानेच माघार घेतली. एमके डॉन्सने आपला इतिहास २००४पासून धरायचं मान्य केलं आणि २००७ साली एफए कपची प्रतिकृती व जुने मानसन्मान विम्बल्डन ज्यात येतं त्या मर्टन बरोच्या हवाली झाले. तरीही ‘नवा क्लब’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कंपनीचा नोंदणी क्रमांक सोडला तर नवं काय आहे? माणसं तीच, रंग तेच, वस्ती तीच.

हे आपल्याला दूरचं वाटायला नको. २०१९ साली एफसी पुणे सिटी बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला नेमाने जाणाऱ्या पोरांना कोणी काही विचारलं नाही.

उरतो शेवटचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे: चाहत्यांच्या मालकीला पैशाची मर्यादा असते. असते. पण त्या मर्यादेत काय झालं ते मोजा. लीगचे सलग ७८ सामने अपराजित. नऊ हंगामांत पाच बढत्या. २०११ साली मँचेस्टरमध्ये लूटनविरुद्ध पेनल्टींवर विजय आणि फुटबॉल लीगमध्ये पुनःप्रवेश. २०१८-१९मध्ये हा संघ एमके डॉन्सच्या एक विभाग वर खेळत होता. जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर नवं प्लाउ लेन बांधताना पैसे कमी पडले, तेव्हा बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा विकण्याचा विचार पुढे आला. चाहत्यांनी त्याला विरोध केला, रोखे काढले आणि ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. नोव्हेंबर २०२०मध्ये तिथे पहिला सामना झाला. कोविडमुळे तो त्यांना घरूनच पाहावा लागला. २०२२ साली संघ घसरला. तेव्हा ‘आता तरी मोठा मालक शोधा’ म्हणणारे होतेच. २०२५च्या मे महिन्यात वेम्ब्लीवर वॉल्सॉलला १-० हरवून संघ पुन्हा तिसऱ्या पायरीवर आला, आणि बहुमताचा हिस्सा तेव्हाही चाहत्यांच्या डॉन्स ट्रस्टकडेच होता.