सायकलीवरील धर्मार्थ भजने

गेल्या फाल्गुनात आमच्या गावच्या भजनी मंडळाने सायकलींवरून आसपासच्या खेड्यांत जाऊन धर्मार्थ भजने करण्याचा जो उपक्रम आरंभिला, त्याविषयी अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही प्रकारचे बोलणे आमच्या कानी आले आहे. "दारोदार मोटारसायकली उभ्या असता ही हौस कशाला?" असे तरुण म्हणतात. "दुःखी माणसाच्या नावाने टाळ वाजवून पैसे मागणे बरे दिसते काय?" असे वडीलधारे विचारतात. पहिल्या आक्षेपास उत्तर देणे सोपे आहे. दुसऱ्याचे तसे नाही. आमचा हात आयुष्यभर कचेरीची टिपणे लिहिण्यात गेला. निबंधाची सवय त्यास नाही, हे ध्यानी घेऊन वाचकांनी हे चार शब्द गोड मानून घ्यावे.

हा पैसा कोणासाठी, ते प्रथम सांगितले पाहिजे. कर्ज व नापिकी यांमुळे शेतकऱ्याने आत्मघात केल्यास त्याच्या कुटुंबास एक लाख रुपये द्यावे, पैकी तीस हजार हाती व सत्तर हजार ठेवीत, असा शासनाचा निर्णय २००६ साली झाला. निर्णय चांगला. परंतु त्यास अटी होत्या. कुटुंबाच्या नावे सातबारा हवा. कर्ज बँकेचे, सोसायटीचे अथवा परवानाधारक सावकाराचे हवे. फेडीचा तगादा असल्याचे दिसले पाहिजे. आता ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ज्याने दुसऱ्याचे शेत तोंडी मक्त्याने केले, आणि बियाण्याचे पैसे गावातल्याच कोणाकडून विनाकागद उचलले, त्याने काय करावे? तो मेला तो शेतकरी म्हणून नव्हे, असेच कागद सांगतो. ज्या कचेरीत आम्ही होतो तेथे अशा प्रकरणांचा तक्ता आम्हीच तयार करीत असू, आणि शेवटच्या रकान्यात 'अपात्र' हा शब्द आमच्याच अक्षरांत पडत असे. एकदा एक बाई लहान मुलास कडेवर घेऊन नक्कल मागावयास आली. तिने विचारले, "भाऊ, अपात्र म्हंजे काय व्हते?" समितीचा निर्णय आहे, एवढेच आम्ही सांगितले. उत्तर नियमास धरून होते. ती नक्कल घडी करून पदरात बांधून निघून गेली. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही नोकरी केली व पेन्शनीतही आलो. परंतु तो प्रश्न काही आमच्या मेजावरून निकाली निघाला नाही. मंडळ जो पैसा जमविते तो अशाच 'अपात्र' घरांसाठी आहे.

आता सायकलीविषयी. धर्मार्थ खेळ आपल्याकडे नवे नाहीत. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केला, तो तर प्रसिद्धच आहे. परंतु तो मुंबईचा प्रेक्षक. खेड्यात दहा-वीस रुपये टाकणारी माणसे असतात. तेथे खर्च वाढला की धर्म बुडाला. मागे एका गावी एका आजारी मुलाच्या उपचारासाठी वाद्यवृंद आणला होता. टेम्पोचे भाडे, मंडप, जनरेटर, ध्वनिक्षेपक आणि मंडळींचे जेवण इतके वजा जाता मुलाच्या बापाच्या हाती जे पडले, ते सांगावयासही लाज वाटते. कोणी लबाडी केली नव्हती. हिशेबच तसा होता. उलट गाडगेबाबांनी पायी फिरून कीर्तने केली. जवळ एक खराटा व एक मडके. पंढरपूरच्या व नाशिकच्या धर्मशाळा अशा फिरण्यातून उभ्या राहिल्या. तुकडोजी महाराजांची खंजिरी तर पिशवीत मावणारी. वाहनाचा खर्च नाही म्हणून दात्याचा रुपया रुपयाच राहतो, हेच सायकलीचे समर्थन होय. आम्हांस जुन्या काळाची हौस नाही.

शिवाय सायकलवाला मनुष्य दुपारीच येऊन निंबाखाली बसतो, पाणी मागतो, आणि कोणाच्या घरी चूल पेटत नाही हे त्यास रात्रीपूर्वी कळते. अडचणी आहेतच. पेटी कॅरिअरवर वाकळीत गुंडाळून बांधली तरी पांदणीच्या धक्क्यांनी तिचा एखादा सूर उतरतोच. बाभळीच्या काट्यांविषयी बोलावयास नको. आणि पाऊस पडला की काळी माती चाक व मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसते की सायकल माणसावर बसते. यास्तव तूर व हरभरा घरी आल्यावर आणि मृगाच्या आधी, एवढाच काळ या कामी योग्य आहे. ध्वनिक्षेपक नसल्याने रात्री दहाला तो बंद करण्याची चिंताही उरत नाही.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, हे आम्ही कबूल करतो. पहिल्याच फेरीत एका गावी त्या घरच्या बाईस सर्वांपुढे बसविले, शाल दिली, छायाचित्र काढले. तिने मान वर केली नाही. आम्ही तेथे हजर होतो आणि टाळ्या वाजविणाऱ्यांत होतो. दुसरे दिवशी मृदंगवाल्या बुवांनी सायकल चालविता चालविता म्हटले, "बाबूजी, काल आपण तिला पुन्हा एकदा कचेरीत उभे केले." त्यानंतर मंडळाने ठरविले की, कोणासाठी पैसा जमतो ते नाव सभेत घ्यावयाचे नाही, रक्कम दोघांनी घरी जाऊन द्यावयाची, तीही खुद्द बाईच्या हाती, दिराच्या अथवा भासऱ्याच्या नव्हे. जमलेली रक्कम मात्र त्याच रात्री देवळात मोजून, फळ्यावर लिहून, गावच्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. हा आग्रह आमचा. मंडळींस तो कचेरीचा वास वाटला, पण त्यांनी मानला.

हे काम सरकारचे आहे, भजन्यांचे नव्हे, असेही कोणी म्हणतात. खरे आहे. अट बदलावी म्हणून आपल्या संस्थेने अर्ज करावाच. मजकूर लिहून देण्यास आम्ही तयार आहो. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत पेरणी थांबत नाही.

येत्या माघात मंडळ पुन्हा निघणार आहे. ज्या गावांस बोलवावयाचे असेल त्यांनी दत्तजयंतीपूर्वी संस्थेच्या चिटणिसांस कळवावे. मंडळास दोन मजबूत कॅरिअर व काही ट्यूबा हव्या आहेत. जेवण साधी भाजीभाकरी असावे, हार-नारळ नसावे. मृदंगास लावावयाची कणीक मात्र त्या त्या गावानेच द्यावी.