आरंभींचीं दोन नांवें

उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर विद्यार्थी काय काय लिहितात हें शिक्षकांना ठाऊकच आहे. कोणी 'श्री' लिहितो, कोणी लहानसा क्रूस काढतो, कोणी कांहींच न लिहितां एकदम पहिल्या प्रश्नास हात घालतो. मी नुकताच शिक्षक झालों होतों तेव्हांची गोष्ट. एका मुलानें भूमितीच्या उत्तरपत्रिकेवर '७८६' असा आंकडा घातला होता. कोणत्या तरी उदाहरणाचें उत्तर भलत्याच जागीं पडलें आहे असें समजून मीं त्यावर तांबडी रेघ मारली. आठ दिवसांनीं एका सहशिक्षकांनीं त्या अंकाचा अर्थ सांगितला, तेव्हां मला फार ओशाळें वाटलें. त्याच गठ्ठ्यांतील एकाही 'श्री'ला माझी लेखणी लागली नव्हती.

अरबी अक्षरांना अंकांची किंमत देण्याची एक जुनी रीत आहे. तिला अबजद म्हणतात. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' हें वाक्य त्या रीतीनें मोजलें म्हणजे 'बिस्म' याचे १०२, 'अल्लाह' याचे ६६, 'अर्रहमान' याचे ३२९ आणि 'अर्रहीम' याचे २८९ होतात, बेरीज ७८६. पवित्र नांवाचा कागद पायदळीं जाऊं नये म्हणून आपल्या देशांत पुष्कळ लोक वाक्याऐवजीं हा अंक लिहितात. कित्येक मौलवींना ही चाल पसंत नाहीं. असो, अंकाचें एवढें पुरे. मला सांगावयाचें आहे तें वाक्याविषयीं.

'परम दयाळू, नित्य दयाळू अशा ईश्वराच्या नांवानें' असा त्याचा अर्थ. जेवणाचा पहिला घांस, पत्राची पहिली ओळ, सकाळीं दुकान उघडणें, या सर्वांच्या आधीं श्रद्धाळू मुसलमान हें वाक्य उच्चारतो. कुराणशरीफाच्या ११४ सूरांपैकीं नववी सोडून बाकी सर्वांच्या माथ्यावर तें आहे. आणि पवित्र शास्त्राच्या तासाला ज्या शलमोन राजाची व शबाच्या राणीची गोष्ट आपण ऐकतों, त्या शलमोनाच्या पत्राच्या आरंभीं तें सत्ताविसाव्या सूरेंत पुन्हां एकदां येतें. आतां, इस्लामांत ईश्वराचीं नव्याण्णव नांवें सांगितलेलीं आहेत. न्यायी, सर्वज्ञ, सामर्थ्यवान अशीं भव्य नांवें त्यांत असतां प्रत्येक कामाच्या उंबरठ्यावर दयेचींच दोन नांवें कां ठेवावीं?

माझें मत असें कीं, दयेविषयीं आपण उलटी कल्पना करून बसलों आहों. आपल्या मनांत आधीं अपराध येतो, मग शिक्षेचें भय, मग गयावया, आणि सर्वांत शेवटीं दया. फांशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज असतो ना, तशी. या वाक्यांत मात्र दया सर्वांच्या आधीं उभी आहे. अजून घांस तोंडांत गेलेला नाहीं, अजून चूक घडावयाची आहे. आणि दया तेथें अगोदरच येऊन बसलेली आहे.

शब्दांची घडण पाहिली म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. 'रहमान' व 'रहीम' हीं दोन्ही नांवें र-ह-म या एकाच धातूपासून निघालीं आहेत, आणि आईच्या गर्भाशयाला अरबींत जो शब्द आहे तोही त्याच धातूचा. जुन्या कराराची इब्री भाषा अरबीची बहीणच. तिच्यांतही 'रेहेम' म्हणजे गर्भाशय आणि 'रहमीम' म्हणजे करुणा. आपल्या 'दया' या शब्दांत ही ऊब उरलेली नाहीं. 'मला तुझी दया येते' असें म्हटलें तर ऐकणाराचा अपमानच होतो. पण मराठींत दुसरा एक प्रयोग आहे, आणि तो मला थेट या धातूपाशीं नेतो. चुकलेला मनुष्य वडील माणसाला म्हणतो, 'माझा अपराध पोटांत घाला.' पोटांत! अपराध पुसून टाका असें तो म्हणत नाहीं; ज्या ठिकाणीं आई लेकराला वागवते त्या ठिकाणीं त्याला जागा द्या, असें म्हणतो.

दोन नांवांत भेद कोणता याविषयीं भाष्यकारांनीं बरेंच लिहिलें आहे. पुष्कळांच्या मतें रहमान तो, जो सज्जन-दुर्जन, आस्तिक-नास्तिक न पाहतां सृष्टीवर दया करतो. आणि रहीम तो, ज्याची दया भक्तांना विशेषेंकरून लाभते. 'रहमान' हें नांव एका ईश्वरालाच लावितात. 'रहीम' हें विशेषण माणसालाही शोभतें. डोंगरावरील प्रवचनांत सर्वांवर सारखा उगवणारा जो सूर्य आहे, तो ज्यांना आठवेल त्यांना रहमान हा शब्द परका वाटूं नये.

हदीसांत एक दाखला आहे, तो मला फार आवडतो. ईश्वरानें दयेचे शंभर भाग केले. नव्याण्णव आपल्यापाशीं ठेविले आणि एकच पृथ्वीवर धाडिला. त्या एका भागाच्या बळावर सर्व प्राणी एकमेकांना जीव लावतात. इतकें कीं, घोडी आपल्या शिंगराला इजा होऊं नये म्हणून खूर उचलून धरते. माथेरानास गेलेल्या मुलांनीं घोड्यांचे खूर पाहिले असतील. नाल मारलेल्या त्या खुराखालीं दगड फुटतो. शिंगरूं शहाणें आहे कीं वांड आहे याची चौकशी ती घोडी करीत नाहीं; खूर वर जातो तो जातोच.

यावर पालक म्हणतील, दया आधींच मिळाली तर मुलें आळशी होणार नाहींत काय? शंका रास्त आहे. कुराणशरीफाच्या पहिल्या सूरेंतच हीं दोन नांवें येऊन गेल्यावर लगेच ईश्वराला न्यायाच्या दिवसाचा स्वामी म्हटलें आहे. न्याय टळलेला नाहीं. पण दया पुढें आणि न्याय तिच्या मागून, हा क्रम आहे. निकालाच्या दिवशीं जो मुलगा प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशीं दडवितो, त्याच्या घरीं हा क्रम उलटा झालेला असतो. गुण आधीं, माया मागून, असें त्यानें ताडलेलें असतें. अभ्यास झाला नाहीं म्हणून त्यास रागवावें, अवश्य रागवावें. पण आपण कोणाचे आहों हें त्या आंकड्यांवर ठरत नाहीं, एवढें त्या लेकराला प्रगतिपुस्तक उघडण्यापूर्वींच ठाऊक असलें पाहिजे.

इ. स. ६२८ मध्यें मक्केजवळ हुदैबिया येथें तह झाला. हजरत महंमद पैगंबरांनीं मसुद्याच्या आरंभीं हेंच वाक्य सांगितलें, तेव्हां मक्केकरांचा वकील सुहैल बिन अम्र याने हरकत घेतली: रहमान कोण हें आम्हांस ठाऊक नाहीं, आमच्या जुन्या चालीप्रमाणें 'हे ईश्वरा, तुझ्या नांवानें' एवढेंच लिहा. अनुयायी चिडले. पैगंबरांनीं मात्र सुहैल म्हणाला तसेंच लिहविलें. दोन वर्षांनीं, इ. स. ६३० मध्यें, मक्का त्यांच्या हातीं आली. तेव्हां शहरास अभय मिळालें आणि सुहैलासही मिळालें. ज्या नांवाला त्यानें हरकत घेतली होती, त्या नांवाचा अर्थ त्याला असा कळला. हा प्रसंग वाचतांना सुहैलाच्या जागीं मला मीच दिसलों. त्यानें समजून-उमजून हरकत घेतली, मीं अज्ञानानें रेघ मारली, एवढाच फरक.

पुढच्या परीक्षेंत त्या मुलानें तो आंकडा पुन्हां लिहिला होता. पण कोपऱ्यांत, मुंगीएवढा. मला तें पाहवलें नाहीं. मीं त्याला बोलावून घेतलें आणि मागल्या रेघेबद्दल क्षमा मागितली. तो गोंधळून क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "त्याचें कांहीं नाहीं, सर. पण मागच्या पेपरांत माझें तिसरें उदाहरण बरोबर होतें, त्याचे गुण राहिले आहेत." मीं ती उत्तरपत्रिका काढून पाहिली. उदाहरण बरोबर होतें.