साखर आणि चंचल मूल

साखर खाल्ल्यामुळे मूल चंचल होते, असे पालकांना सांगणे आपण आता थांबवले पाहिजे. ओपीडीत रोज एखादी आई तरी तक्रार घेऊन येतेच, "डॉक्टर, गोड खाल्लं की हा घर डोक्यावर घेतो." बाहेर रांग ताटकळत असते. आपल्यापैकी बरेच जण मान डोलावतात आणि म्हणतात, "मग गोड बंद करा." साखर कमी झाली तर नुकसान काहीच नाही, असा त्यामागचा हिशेब असतो. हा हिशेब मला मान्य नाही.

आधी पुरावा पाहू. मार्क वोलराइच आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. त्यात शालापूर्व वयाची २५ निरोगी मुले होती आणि सहा ते दहा वर्षांची २३ मुले अशी होती, ज्यांना 'साखर सोसत नाही' असे त्यांचे पालकच सांगत होते. नऊ आठवडे सगळ्या कुटुंबाचे खाणे संशोधकांनी पुरवले. तीन आठवडे भरपूर साखर, तीन आठवडे अॅस्पार्टेम, तीन आठवडे सॅकरिन. केव्हा काय चालू आहे हे ना घरच्यांना माहीत, ना मुलांची तपासणी करणाऱ्यांना. साखर सोसत नाही असे सांगितलेल्या मुलांच्या वागण्याची आणि आकलनाची ३९ मोजमापे झाली. एकातही फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी याच संशोधकाने सहकाऱ्यांसह अशा २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष तोच निघाला. एखाद्या लहान गटावर थोडा परिणाम होत असण्याची शक्यता मात्र त्यांनी प्रामाणिकपणे मोकळी ठेवली.

मग आईला दिसते ते काय? ती खोटे बोलत नाही. १९९४ मध्येच हूवर आणि मिलिच यांनी पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या ३५ मातांवर केलेला प्रयोग आपण प्रत्येकाने वाचायला हवा. सगळ्या मुलांना अॅस्पार्टेमच दिले होते. त्यातल्या निम्म्या मातांना मात्र 'तुमच्या मुलाला साखर दिली आहे' असे सांगितले गेले. त्या मातांना आपले मूल जास्त चंचल वाटले. त्या मुलाच्या जवळ जवळ राहिल्या, त्याला जास्त टोकत राहिल्या. समजुतीने मुलाकडे पाहण्याची नजर बदलली आणि आईचे वागणेही बदलले. आपण मान डोलावतो तेव्हा त्या समजुतीवर डॉक्टरचा शिक्का बसतो. मुलाने जास्त गोड खाल्लेले असते ते बहुधा वाढदिवसाला, लग्नाच्या मांडवात, गणपतीत. तिथे मावस-चुलत भावंडांचा घोळका असतो, स्पीकर चालू असतो, झोपायला बारा वाजलेले असतात. पेढा नसता तरी मूल असेच वागले असते.

खरे नुकसान होते ते इथून पुढे. कारण सापडले असे वाटले की शोध थांबतो. ज्या मुलाचा चंचलपणा सहा महिन्यांहून जास्त काळ टिकून आहे, घरी आहे आणि शाळेतही आहे, ज्याच्या वहीच्या प्रत्येक पानावर बाईंचा शेरा आहे, त्याला एडीएचडीच्या मूल्यमापनाची गरज असते. साखर बंद करून पाहण्यात त्याचे एक शैक्षणिक वर्ष निघून जाते. काही मुले रात्री घोरतात, तोंडाने श्वास घेतात आणि दिवसभर किरकिरतात. त्यांचे अॅडेनॉइड कोणी पाहिलेले नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. लोह कमी असलेले मूल चिडचिडे होते, त्याचे लक्ष लागत नाही. अशा मुलाला हिमोग्लोबिनची तपासणी लागते. जंतांचेही तेच. 'गोड खाल्ल्याने जंत होतात' ही समज घरोघर आहे. अंडी जातात नखांतून आणि न धुतलेल्या हातांतून. सुतासारख्या कृमींमुळे रात्री गुदद्वाराशी खाज सुटते, झोप मोडते आणि सकाळी मूल वैतागलेले उठते. अल्बेंडाझोल आणि नखे कापणे एवढ्याने जे सुटले असते, ते खडीसाखरेचा डबा वर ठेवून कसे सुटेल?

दुसरे नुकसान पर्यायांचे. साखरेला खलनायक ठरवले की आई गुळाकडे वळते आणि चार वर्षांच्या मुलाच्या दुधात तो सढळ हाताने घालते. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते. काही घरांत 'शुगर फ्री'ची गोळी किंवा डाएट पेय मुलांपर्यंत पोहोचते. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बाळांना असे गोडक देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या पूरक आहाराच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. फिनाइलकीटोन्युरिया असलेल्या मुलाला तर अॅस्पार्टेम घातक आहे.

खाण्याचा वर्तनाशी काहीच संबंध नाही, असे मी म्हणत नाही. साउथॅम्प्टनचा २००७ चा लॅन्सेटमधला अभ्यास रंगांविषयी होता. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने सर्वसाधारण मुलांतही चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता. तरीही जुलै २०१० पासून युरोपीय संघात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यांतले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइझिन आणि पाँसो ४आर हे चार आपल्याकडे परवानगीच्या यादीत आहेत. शाळेबाहेरच्या गोळेवाल्याच्या बाटलीत कोणता रंग किती आहे, याला तर लेबलच नाही. आईला काही विचारायचेच असेल तर गोड किती खाल्ले यासोबत जीभ कोणत्या रंगाची झाली होती, हेही विचारावे.

आणि साखरेवरचा खरा आरोप प्रमाणाचा आहे. मुक्त शर्करेतून एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. पाच वर्षांच्या मुलासाठी हे होतात दिवसाचे सुमारे ३४ ग्रॅम. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीतच ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. किडलेले दात, वाढते वजन, चहा-बिस्किटांनी भागवलेली न्याहारी आणि म्हणून न खाल्लेली डाळ-भाकरी, हे सगळे सिद्ध करता येते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, तेही मुलांमधल्या टाइप-२ मधुमेहाच्या काळजीने.

आरोप नेमका असला की काय होते, हे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी दाखवून दिले. प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या गोड पेयांत त्याच्या अनेक पट साखर होती. त्यांनी हाच एक मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावातून 'ओआरएस' काढायला लावले.

आपल्या हाती आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याविषयी आपण फार कमी बोलतो. फिट्सची, दम्याची, लोहाची औषधे मुले महिनोन् महिने घेतात. त्यांतली अनेक सिरप साखरेत बनवलेली असतात आणि पुष्कळदा दात घासून झाल्यावर, झोपताना दिली जातात. ती लिहून आपणच देतो. मूल गोळी गिळू शकत असेल तर गोळी द्यावी, साखरविरहित सिरप मिळत असेल तर ते निवडावे आणि सिरपच द्यावे लागले तर 'घासण्याआधी' हा शब्द प्रिस्क्रिप्शनवर लिहावा.