आवाज मशीनचा, पण हात कोणाचा?

जयंतीची गाणी आता छोट्या खोलीतल्या स्टुडिओत एका कॉम्प्युटरवर तयार होतात. आमची पोरे ऑक्टोपॅड, की-बोर्ड वाजवतात, स्वतः रेकॉर्डिंग करतात. याचा आम्हाला अभिमानच आहे. पण या कामात वादकाच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न आपण विचारणार आहोत की नाही?

आधी तंत्र समजून घेऊ. ऑक्टोपॅड कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरमध्ये मिडी ट्रॅक रेकॉर्ड केला, तर त्यात आवाज साठतच नाही. कोणते पॅड कधी वाजले आणि 127 पर्यंतच्या मापात किती जोरात वाजले, अशा नोंदी साठतात. परत वाजवताना सॉफ्टवेअर त्या नोंदी वाचते आणि आपण निवडलेल्या वाद्याचा आवाज काढते. आज ढोलकी, उद्या हलगी, परवा ड्रम. म्हणजे आवाज मशीनचा; पण ठेका, वजन आणि दोन थापांमधली जागा वादकाची.

मेख इथेच आहे. मिडी फाईल अगदी लहान असते. ती पेन ड्राइव्हवर सहज निघून जाते, आवाज आणि गती बदलून दहा गाण्यांत वाजू शकते, आणि वादकाच्या हाती एका दिवसाची मजुरी उरते. वर 'हे तर कॉम्प्युटरने वाजवले' असेही ऐकवता येते. कॉम्प्युटरला हा ठेका दिला कोणी? हलगी वाजवणाऱ्याला हलका मानायचे आणि त्याच्या कलेवर मात्र आपली मिरवणूक सजवायची, ही रीत जुनीच आहे.

मग मशीनच नको, असे काही मित्र म्हणतील. आम्हाला ते मान्य नाही. गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, हे ठामपणे मांडले. शिवाय 1983 साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून मिडी आले, तेच रॉयल्टीविना सर्वांना खुले ठेवून. म्हणून जुना, स्वस्त की-बोर्डही आर्डर किंवा एलएमएमएससारख्या मोफत सॉफ्टवेअरला जोडता येतो. हे ज्ञान कोणाच्या बापाची जहागीर नाही.

2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंताला व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण कायदा ध्वनिमुद्रणाची भाषा बोलतो आणि मिडीत तर ध्वनीच नाही, असा वाद घालायला जागा राहते. म्हणून तोंडी भरवशावर राहू नका. फाईल पुन्हा वापरली तर किती पैसे, हे आधी लिहून घ्या. गाण्याच्या माहितीत वादकाचे नाव टाका. स्टुडिओतून उठताना मूळ मिडी फाईलची प्रत मागून घ्या. ती क्वांटाइझ करण्याआधीची असावी, कारण प्रत्येक थाप रेघेवर ओढून बसवली की वादकाची ओळखच पुसली जाते.

गाण्यातून समतेचा उद्घोष करणाऱ्या चळवळीने आपल्या वादकाचे नाव आणि दाम बुडू देता कामा नये. सुरुवात आपल्याच जयंतीच्या गाण्यापासून करू या.

जय भीम!